मागची खोली धरून

भांडण मिटवायची त्यांच्या बाबांची पद्धत जगावेगळी होती. तीन पोरं एखाद्या वस्तूवरून हमरीतुमरीवर आली की बाबा स्वतः निवाडा करत नसत. "मी बोललो की एक रुसणार आणि दोघं माजणार," असं म्हणायचे आणि फाटकात जाऊन उभे राहायचे. रस्त्यावरून जो पहिला माणूस जाईल त्याला आत बोलवायचं, प्रकरण त्याच्यापुढे मांडायचं, आणि तो म्हणेल ते तिघांनी मुकाट ऐकायचं. खिडकीजवळचा पलंग कुणाचा, हे एकदा पोस्टमनने ठरवलं होतं. विजेचं मीटर वाचायला आलेल्या एका बिचाऱ्याला सायकलच्या खटल्यासाठी पाऊण तास बसवून ठेवलं होतं, आणि पुढच्या महिन्यापासून मीटर वाचायला दुसराच माणूस येऊ लागला. बाबा गवंडी. ओळंबा लावल्याशिवाय वीट न ठेवणारे. पण पोरांच्या बाबतीत सगळा भरवसा असा वाटेवरच्या परक्या माणसावर.

बाबा गेले आणि घर तिघांच्या नावावर आलं, सारखं. थोरला दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. बाथरूमच्या फरशा आणि नळ विकायचं त्याचं दुकान होतं आणि त्याला आता दुसरं दुकान काढायचं होतं. धाकटी रुग्णालयात नर्स. दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची, आणि तिघींतली एक कायम रात्रपाळीला असते म्हणून त्या खोलीत पलंग दोनच होते. आणि मधली. ती लग्नाच्या भानगडीत न पडता बाबांजवळ राहिली, त्यांच्या दुखण्याखुपण्याचं तिनेच केलं, आणि घरातच पडदे शिवून दोघांचं पोट चालवलं. अख्खी गल्ली तिला पडदेवाली म्हणायची.

ही पडदेवाली काय चीज होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही पटायचं नाही. गळ्यात कायम मोजायची टेप. गिऱ्हाइकाच्या घरी गेली की आधी खिडकी बघणार, मग माणसं. गिऱ्हाईक म्हणालं, "खिडकी साडेचार फूट आहे, मी मोजलीय," की ही "हो का, छान," म्हणायची आणि स्वतः तीनदा मोजायची. वर, मध्ये आणि खाली. तिचं म्हणणं असं की वर आणि खाली सारखी रुंद असलेली खिडकी तिने जन्मात पाहिली नाही. लोक आपल्या घराबद्दल सांगतात ते नेहमी थोडं चुकीचंच असतं आणि त्यांना ते माहीतही नसतं.

महिनाभराने तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. मधलीला घर ठेवायचं होतं. बाकीच्या दोघांची हरकत नव्हती, फक्त त्यांचा वाटा पैशात मिळावा. प्रश्न एवढाच की घराची किंमत ठरवायची कुणी. दलालाला बोलवावं तर तो दादाच्या ओळखीचा निघायचा. गल्लीतल्या कुणाला विचारावं तर तो पडदेवालीच्या ओळखीचा. फाटकात उभं राहायची आता कुणाची हिंमत नव्हती.

"हे घ्या," दादाने फोन पुढे केला. "घरांच्या किमती सांगणारी वेबसाइट आहे. पत्ता टाकायचा, झालं. ही ना माझ्या ओळखीची, ना तुमच्या."

धाकटी म्हणाली, "हिला चहासुद्धा पाजावा लागणार नाही." बाबा गेल्यापासून तिघं पहिल्यांदाच हसली.

पत्ता टाकला. एक चक्र फिरत राहिलं आणि आकडा आला, अठ्ठेचाळीस लाख. सरकारी नोंदी, आसपास विकली गेलेली घरं, आणि आणखी कशाकशावरून ते यंत्र हिशेब करायचं. तिघांनी ठरवलं की पुढल्या महिन्याच्या एक तारखेला, दुपारी बारा वाजता तिथे जो आकडा दिसेल तो कबूल. पडदेवालीने दोघांचे दोन वाटे द्यावेत आणि घर घ्यावं, जमलं नाही तर घर विकून तिघांनी पैसे वाटून घ्यावेत. दादाने त्या वेबसाइटवर घराचं खातं उघडलं आणि पासवर्ड तिघांना दिला, म्हणजे नंतर कुणी कुणाच्या नावाने बोटं मोडायला नको.

दुसऱ्याच दिवशी पडदेवाली बँकेत जाऊन बसली. बँकेतल्या बाईंनी तिची सगळी कागदपत्रं चाळली आणि बत्तीस लाखांपर्यंत कर्ज मिळेल असं सांगितलं. त्याच्या वर छदामही नाही. अठ्ठेचाळीसचे दोन वाटे म्हणजे बरोब्बर बत्तीस. पडदेवाली घरी आली ती हवेत चालत आली म्हणा ना.

तेव्हापासून तिला एक वाईट खोड लागली. आजारी माणसाचा ताप बघावा तशी ती सकाळ-संध्याकाळ फोनवर घराचा आकडा बघायची. कधी अठ्ठेचाळीसला थोडा कमी, कधी थोडा जास्त. पुढच्या गल्लीत कुणी घर विकलं की आकडा हलायचा, आणि त्याबरोबर हिचा जीव खालीवर व्हायचा. वीस तारखेला सकाळी बघते तर त्रेपन्न. दोन वाटे पस्तीसच्या वर गेले.

खात्यात एक बदलांची यादी होती. तिकडे आधी तिचं लक्षच गेलं नव्हतं. मालकाला घराची माहिती सुधारायची सोय होती, आणि कुणीतरी ती पुरेपूर वापरली होती. 'स्वयंपाकघर संपूर्ण नवे. परदेशी फरशा.' सोबत फोटो. पडदेवालीने फोटो मोठा करून बघितला आणि कपाळाला हात लावला. ओव्हनच्या काचेत वहिनीचं कोपर दिसत होतं. दादाने आपल्याच घरच्या स्वयंपाकघराचा फोटो टाकला होता, आणि तोही बायको बाजूला व्हायच्या आत काढलेला. आता काय म्हणावं या माणसाला?

रागारागाने ती फोन करणार होती. मग म्हणाली, थांब, थोडं धीराने घे. धीराने घेतलं आणि तेवीस तारखेला आकडा सेहेचाळीसवर आला. यादीत नवा बदल होता. 'छप्पर गळके. दारे कुजलेली. सर्व भिंतींना ओल, फुफ्फुसांस अपायकारक.' वेळ, पहाटे चार वाजून दहा मिनिटं.

पहाटे चारला जागं कोण असतं? आणि घराच्या किमतीत फुफ्फुसं आणणार कोण? पडदेवाली आधी खो खो हसली, आणि मग एकदम स्टुलावर बसली. आकडा जितका वर, तितका धाकटीचा वाटा मोठा. दोन पलंगांच्या त्या खोलीतून बाहेर पडायला तिला पै न् पै हवी होती. आणि या बाईने रात्रपाळीत बसून आपल्याच हाताने आपला वाटा कमी केला होता. कुणाला सांगितलंही नव्हतं. पडदेवालीचे डोळे भरून आले. हिला अक्कल कधी येणार, असं म्हणत तिने टेपच्या टोकाने डोळे पुसले.

मग ती उठली. दादाचं स्वयंपाकघर पुसून टाकलं आणि धाकटीची ओलही पुसून टाकली, तसा आकडा परत अठ्ठेचाळीसवर आला. पंच नेमला आहे ना, मग पंचासमोर खरं तेच मांडायचं. तिने गळ्यातली टेप काढली आणि घर मोजायला घेतलं. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर. प्रत्येक भिंत तीनदा. फॉर्ममध्ये एकेक आकडा भरला, आणि बेरीज पुढे आली ती यंत्राकडे आधीपासून असलेल्या क्षेत्रफळाशी अगदी इंचाइंचाने जुळली. स्वतःवर खूश होऊन ती मागच्या खोलीकडे वळली आणि दारातच थबकली.

मागची खोली मोजायची अजून बाकीच होती. मग बेरीज जुळली कशी?

जुळली ती यंत्राला मागची खोली माहीतच नव्हती म्हणून. ती खोली बाबांनी काम सोडल्यावर बांधली होती, दोन उन्हाळे खपून, मधलीच्या पडद्यांसाठी. वीस फूट लांब, कापाकापीसाठी बारा फुटी टेबल मावेल एवढी. कापडाचा रंग उजेडात बघावा लागतो म्हणून भली रुंद खिडकी. कापडाचे ताके सरळ आत घेता यावेत म्हणून मागच्या बोळात उघडणारं वेगळं दार. माल कालवायला आणि विटा द्यायला हीच होती. पहिल्या थरातल्या सात विटा तिने स्वतः लावल्या, त्या बाबांनी सातच्या सात काढायला लावल्या आणि पुन्हा लावून घेतल्या. एवढं सगळं निगुतीने केलं, पण कचेरीत जाऊन खोलीची नोंद करायचं मात्र बाबांनी उद्यावर ढकललं, आणि तो उद्या काही आला नाही. यंत्राकडच्या, आकाशातून काढलेल्या फोटोत तर त्या जागी नुसता झाडाचा हिरवा डाग दिसत होता.

म्हणजे अठ्ठेचाळीस लाख हे या खोलीवाचूनचे होते. दादाला हे ठाऊक नव्हतं, धाकटीलाही नव्हतं. यंत्राला सगळं दिसतं असंच सगळे धरून चालले होते. पडदेवालीने फक्त तोंड मिटून बसायचं, एक तारीख उजाडू द्यायची, आणि घर तिचं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती.

दोन दिवस ती गप्प बसली. त्या दोन दिवसांत तिने एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचे अकरा पडदे कापले आणि अकराच्या अकरा वीतभर आखूड कापले. वीस वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. वाया गेलेल्या कापडाकडे बघत ती बसली आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. दादाचं एक वेळ जाऊ दे, त्याने कोपरासकट स्वयंपाकघर घुसडलं होतं. पण धाकटीने हिच्यासाठी आपला वाटा कमी केला, आणि आता ही गुपचूप तिचा आणखी कमी करणार. हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

तिने मागची खोली मोजली, तीनदा, आणि आकडा भरला. चक्र फिरलं. साठ लाख.

साठाचे दोन वाटे चाळीस. बत्तीसवाल्या बँकेत पुन्हा जाऊन तोंड दाखवण्यात अर्थ नव्हता. पडदेवालीने फोन टेबलावर उपडा ठेवला, दवाखान्यासाठी स्वतःच्या खर्चाने नवीन कापड आणलं आणि पडदे पुन्हा कापायला घेतले. कापता कापता तिच्या मनात काहीतरी जुळून आलं, तेव्हा तिने कात्री थांबवली आणि खोलीभर एकदा नजर फिरवली. मग पुन्हा कापायला लागली. या खेपेला पडदे बरोबर आले.

एक तारखेला तिघं त्याच टेबलाशी बसली. बाराला पाच मिनिटं कमी असतानाच दादाने फोन उघडला आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"साठ?" तो म्हणाला. "एवढं मीसुद्धा..." आणि तिथेच थांबला.

"तुझं स्वयंपाकघर मी काढलं," पडदेवाली म्हणाली. "वहिनीचं कोपर त्यात होतं."

दादाने घसा साफ केला. "धंद्यात असं थोडंफार करावं लागतं."

"घरात नाही करावं लागत."

मग तिने सगळं सांगितलं. यंत्राला मागची खोली कशी दिसत नव्हती ते, आणि तिने ती मोजून कशी भरली तेही. फुफ्फुसांचं तेवढं बोलली नाही. धाकटी कपात बघत बसली होती.

दादा काही वाईट माणूस नव्हता. त्याने फोन खाली ठेवला आणि बहिणीकडे बघितलं. "तू बोलली नसतीस तर आम्हाला कळलंही नसतं."

"नसतंच कळलं."

"मग आता? चाळीस आहेत तुझ्याकडे?"

"नाही."

"मग विकावं लागेल गं. आपलं तसं ठरलंय." हे म्हणताना त्याचा आवाज खाली आला.

धाकटीने कप आदळला. "ताई, तुला जन्मात कधी गप्प बसता येत नाही का? नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढंही जमलं नाही."

पडदेवाली उठली आणि कापडाचे नमुने काढायचा तपकिरी कागद घेऊन आली. त्यावर अख्खं घर काढलेलं होतं, मापासकट. तिने तो टेबलावर पसरला, कात्री घेतली, आणि मागच्या खोलीच्या रेघेवरून सरळ कापत गेली. कागदाचे दोन तुकडे झाले.

"हे अठ्ठेचाळीसचं," मोठ्या तुकड्यावर हात ठेवत ती म्हणाली. "हे मी घेते. आणि ही खोली बाराची. तिला बोळात वेगळं दार आहे, नळ बाहेरच आहे, न्हाणीघर काढायला जागा आहे. ही धाकटीची." तिने लहान तुकडा बहिणीपुढे सरकवला. "तुझा वाटा विसाचा. बाराची खोली आणि वर आठ मी देणार. दादाला वीस. मला लागले अठ्ठावीस, बँक देते बत्तीस. उरलेल्यातून खोलीची नोंद करू, दंड बसेल तो भरू."

दादाने फोनवर आकडेमोड केली. मग पुन्हा केली. "बरोबर आहे," तो म्हणाला, आणि मग जरा वेळाने, "पण तू पडदे कापणार कुठे?"

"पुढच्या खोलीत."

"बारा फुटी टेबल पुढच्या खोलीत मावतं का?"

"आठ फुटी मावतं. चार फूट कापून टाकीन."

"आणि मोठे पडदे?"

"जमिनीवर."

"पन्नाशी आली तुझी. गुडघे राहतील का?"

"गुडघे माझे आहेत ना? त्यांची किंमत कुणी विचारलेली नाही."

धाकटीने कागदाला हातही लावला नव्हता. "मला नको ही खोली. ती बाबांनी तुझ्यासाठी बांधली. तुझ्या हाताखालून तुझी जागा काढून घेऊ मी? मला विचारलंस का तू?"

"छप्पर गळतं असं लिहिलंस तेव्हा तू मला विचारलं होतंस?"

धाकटीचा चेहरा लाल झाला. दादा कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत राहिला. त्याला काहीच कळलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. जरा वेळाने धाकटीने कागदाचा तुकडा उचलला, चौघडी केली आणि पर्समध्ये ठेवला.

त्यानंतर कचेरीच्या फेऱ्या झाल्या, दंड झाला, साहेब रजेवर गेले आणि परत आले. सगळं यथासांग होऊन दोन घरांची दोन कागदपत्रं हातात पडली, तेव्हा पडदेवालीने शंभर-सव्वाशे विटा, सिमेंटची गोणी आणि वाळू आणली. मधल्या खोलीतून मागच्या खोलीत जायचं दार तिने चौकटीसकट काढलं.

"ताई, दार राहू दे," धाकटी म्हणाली. तिचं सामान मागच्या बोळातून आत येत होतं, त्यात एक नवीन पलंग होता. "मध्ये कडी लावू. दोन्ही बाजूंनी लावू हवी तर."

"दार राहिलं तर ही खोली माझीच राहील," पडदेवाली म्हणाली. "मी रोज सकाळी उठून आत येणार, उजेड चांगला आहे म्हणून कापड पसरणार. रात्रपाळी करून तुझा नुकताच डोळा लागलेला असेल. आणि तू काही बोलणार नाहीस. मी मला ओळखते आणि तुलाही ओळखते."

"मी बोलेन."

"तू पहाटे चार वाजता लिहिशील. बोलणार नाहीस."

तिने ओळंबा सोडला आणि पहिला थर लावायला घेतला. धाकटी पलीकडच्या बाजूला विटांच्या ढिगाशी बसली आणि एकेक वीट पुढे देऊ लागली. थर कमरेपर्यंत आला, मग खांद्यापर्यंत. पडदेवाली स्टुलावर चढली. पलीकडच्या रुंद खिडकीतला उजेड आता वरच्या फटीतूनच येत होता. एक वीट किंचित बाहेर आली होती, ती तिने काढली, माल खरवडला आणि पुन्हा बसवली.

"दिसत तर नाहीये काही वाकडं," पलीकडून धाकटी म्हणाली.

"मला दिसतंय."

शेवटची वीट द्यायला धाकटीने उशीर केला. पडदेवाली फटीत हात घालून वाट बघत राहिली. मग तिच्या हातावर आधी बहिणीचा हात आला, घट्ट, वाळूने खरखरीत झालेला, आणि जरा वेळाने वीट आली. पडदेवालीने ती बसवली. मधल्या खोलीत एकदम अंधारल्यासारखं झालं, आणि ती स्टुलावर उभ्या उभ्या रडली. पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर मनगट दाबून रडली, कारण हाताला सिमेंट होतं. मग खाली उतरली आणि गिलावा करायला घेतला.

भिंत वाळल्यावर तिने एका दुपारी फोन उघडला. घराचं खातं आता तिच्या एकटीच्या नावावर होतं. आकडा तोच होता, अठ्ठेचाळीस. तिच्याकडून काय गेलं याची यंत्राला दादही नव्हती. खाली मालकासाठी एक प्रश्न आला होता. 'न्हाणीघर धरून चार खोल्या. ही माहिती बरोबर आहे का?'

पडदेवालीने लगेच उत्तर दिलं नाही. तिने टेप घेतली आणि पुढची खोली मोजली, मधली मोजली, स्वयंपाकघर मोजलं, न्हाणीघर मोजलं, वर, मध्ये आणि खाली. नवीन भिंतीपाशी ती जरा जास्त वेळ थांबली. मग तिने 'हो' दाबलं आणि पुढच्या खोलीत जाऊन आठ फुटी टेबलावर कापड पसरलं.